धागा: लाईट लावला की होकायंत्र फिरतं. वायरच्या गुंडाळीचं चुंबकीय क्षेत्र कसं काढायचं?

हर्णैकर | ४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. काकांची मासेमारीची होडी आहे, फायबरची. सध्या बंदी असल्याने शाकारून वर ओढलेली आहे, म्हणून निवांत विचारतोय. मी बीएस्सीला आहे, फिजिक्स घेऊन.

गेल्या हंगामात डोलकाठीवर दोन हॅलोजन बसवले, १०० वॅटचे, २४ व्होल्टवर. तेव्हापासून काका म्हणतात, रात्री होकायंत्र भरवशाचं राहिलं नाही. दाभोळकडून वर हर्णैला येताना, म्हणजे तोंड सरळ उत्तरेला असताना, जीपीएस ३६० दाखवतो आणि होकायंत्र ३५१ च्या आसपास. खाली दक्षिणेला जाताना जीपीएसवर १८०, होकायंत्रावर १८९. आणि गंमत म्हणजे जाळी टाकायला सरळ पश्चिमेला खोल पाण्यात निघालं की काहीच फरक नाही, दोन्हीकडे २७०.

काकांचं मत असं की दाभोळच्या पट्ट्यात तळाला लोहाचा खडक आहे, तो सुई ओढतो. मला वायरचा संशय आहे. केबिनच्या डाव्या भिंतीवर खुंटीला उरलेल्या वायरची गुंडाळी टांगलेली आहे: सहा वेढे, व्यास वीतभर, म्हणजे २४ सेमी धरा. गुंडाळी भिंतीला चपटी टेकून आहे आणि होकायंत्र तिच्या समोरच, बरोबर ४० सेमीवर, त्याच उंचीला. टेप लावून मोजलंय.

सहा वेढ्यांनी ९ अंश फिरतील का? गणित कसं मांडायचं?

---

मालवणी_तांडेल | ४ जुलै, रात्री १०.१५

अरे मेल्या, जीपीएस असा ना! मगे होकायंत्र कित्याक व्हया?

---

हर्णैकर | ४ जुलै, रात्री १०.२२

काकांना विचारलं हेच. म्हणाले, "बॅटरी बसली की तुझा जीपीएस काय पूजेला लावायचा?"

---

मालवणी_तांडेल | ४ जुलै, रात्री १०.२४

ह्या मात्र खरा. होकायंत्राक बॅटरी लागणा नाय. चलू दे तुमचा.

---

एंट्रन्सवाला | ४ जुलै, रात्री ११.०५

सोपं आहे. सोलेनॉइडचं (लांब गुंडाळीचं) सूत्र लाव: म्यू-शून्य (चुंबकत्वाचा ठरलेला स्थिरांक) × दर मीटरला वेढे × प्रवाह. सहा वेढे ५ सेमीत बसले असतील तर दर मीटरला १२०. प्रवाह ८ अँपिअर. म्यू-शून्य १.२५७ घेतला की उत्तर मायक्रोटेस्लात, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायच्या एककात. म्हणजे १२०० मायक्रोटेस्ला! पृथ्वीच्या कितीतरी पट. सुई गरगर फिरली पाहिजे.

---

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर | ५ जुलै, सकाळी ६.३०

आणि गरगर फिरत नाही, फक्त ९ अंश फिरते. तेव्हा सूत्र चुकीच्या जागी लावलंय हे आकड्यावरूनच कळायला हवं होतं. ते सूत्र लांबलचक गुंडाळीच्या *आत*, मधोमध चालतं. लांबी व्यासाच्या कितीतरी पट हवी. इथे लांबी ५ सेमी, व्यास २४, शिवाय आपण आत नाही, ४० सेमी बाहेर उभे आहोत. पाठ केलेल्या सूत्राची हीच तऱ्हा, ते कुठे लागू नाही हे कोणी पाठ करत नाही.

हर्णैकर, तुमचा प्रश्न बायो-सावारच्या नियमाचा आहे. मुळापासून सांगतो, कारण एकदा चित्र डोळ्यासमोर आलं की सूत्र विसरलं तरी चालतं.

वायरचा एक बारीकसा तुकडा घ्या. त्याच्यामुळे आपल्या बिंदूशी तयार होणारं क्षेत्र म्हणजे म्यू-शून्य भागिले ४π, गुणिले प्रवाह, गुणिले तुकड्याची लांबी, भागिले अंतराचा वर्ग. (तुकडा आणि अंतराची रेषा काटकोनात आहेत म्हणून इतकं सुटसुटीत. अक्षावरच्या बिंदूसाठी वेढ्याचा प्रत्येक तुकडा काटकोनातच येतो.) आता होकायंत्र अक्षावर आहे, म्हणजे गुंडाळीच्या केंद्रातून सरळ बाहेर येणाऱ्या रेषेवर. वेढ्यावरचा प्रत्येक तुकडा तिथून सारख्याच अंतरावर पडतो. पायथागोरस: अंतराचा वर्ग = त्रिज्येचा वर्ग + अक्षावरच्या अंतराचा वर्ग.

पण प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र तिरकं असतं. वरच्या तुकड्याचं एकीकडे कललेलं, खालच्याचं बरोबर विरुद्ध बाजूला. कललेले भाग एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो फक्त अक्षाच्या दिशेचा भाग. तो किती? त्रिज्या भागिले तिरकं अंतर, इतका. सगळ्या तुकड्यांच्या लांब्यांची बेरीज म्हणजे परीघ, २π × त्रिज्या. सगळं एकत्र केलं की:

क्षेत्र = म्यू-शून्य × वेढे × प्रवाह × (त्रिज्येचा वर्ग) ÷ [ २ × (त्रिज्येचा वर्ग + अंतराचा वर्ग) चा दीडावा घात ]

आता आकडे. प्रवाह: २०० वॅट भागिले २४ व्होल्ट, ८.३ येतो. तारेतली थोडी घट धरून ८ घेऊ. त्रिज्या ०.१२ मीटर. (व्यास नाही! प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ही चूक मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडली आहे.) त्रिज्येचा वर्ग ०.०१४४. अंतर ०.४, वर्ग ०.१६. बेरीज ०.१७४४, तिचा दीडावा घात ०.०७२८.

वर: १.२५७ × ६ × ८ × ०.०१४४ = ०.८६९
खाली: २ × ०.०७२८ = ०.१४५६
उत्तर: जवळजवळ ६ मायक्रोटेस्ला.

आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग साधारण ३९ मायक्रोटेस्ला. गुंडाळीचं क्षेत्र त्याच्याशी काटकोनात असेल तर सुई ज्या कोनात वळेल त्याचा टॅन्जन्ट = ६ ÷ ३९ = ०.१५४. कोन पावणेनऊ अंश.

काकांचा ९ अंशाचा अंदाज पाहून मी चष्मा पुसून पुन्हा गणित केलं.

---

एंट्रन्सवाला | ५ जुलै, सकाळी ९.१०

सर, केंद्रात किती येईल मग?

---

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर | ५ जुलै, सकाळी ९.३२

अंतर शून्य घाला. सूत्र आटून म्यू-शून्य × वेढे × प्रवाह ÷ (२ × त्रिज्या) एवढंच राहतं. २५१ मायक्रोटेस्ला. ४० सेमी दूर गेल्यावर त्याचे ६ उरतात. ८० सेमीवर ०.८. लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण आठवा हिस्सा, घनाच्या हिशेबाने पडतं.

---

हर्णैकर | ५ जुलै, दुपारी १.००

सर, शतशः आभार. पण पश्चिमेला जाताना फरक का नाही? गुंडाळी तर तिथेच, लाईट तोच.

---

किनाऱ्यावरचा_कावळा | ५ जुलै, दुपारी २.४५

हा या धाग्यातला खरा मजेदार भाग आहे, मला लिहू द्या.

गुंडाळी होडीला बांधलेली, पृथ्वीचं क्षेत्र पृथ्वीला. होडी वळली की गुंडाळीचं क्षेत्र होडीबरोबर वळतं. डाव्या भिंतीवरच्या गुंडाळीचा अक्ष होडीला आडवा आहे, डावीकडून उजवीकडे. धरा की क्षेत्र उजवीकडे जातंय.

तोंड उत्तरेला: उजवीकडे म्हणजे पूर्व. पृथ्वीच्या क्षेत्राशी काटकोन. सुई ९ अंश पूर्वेला सरकते, म्हणून होडी उत्तरेला असूनही वाचन ३५१.

तोंड दक्षिणेला: उजवीकडे म्हणजे पश्चिम. सुई उलट बाजूला सरकते, वाचन १८९. बघा, तुमचे आकडे जुळले.

तोंड पश्चिमेला: उजवीकडे म्हणजे उत्तर! गुंडाळीचं क्षेत्र पृथ्वीच्याच दिशेने. ३९ अधिक ६, पंचेचाळीस. सुई कुठेच वळत नाही, फक्त जरा घट्ट उभी राहते. परत पूर्वेला येताना ३९ वजा ६. तेव्हाही दिशा तीच, सुई किंचित सुस्त. द्रव भरलेल्या होकायंत्रात हे हाताला जाणवणार नाही.

तळाचा खडक असता तर त्याला होडीचं तोंड कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं? आणि लाईट बंद केल्यावरही सुई ओढलीच असती. काकांना एवढंच विचार.

---

खाडीपल्याड | ५ जुलै, दुपारी ३.३०

एक शंका. जीपीएस होडी कुठे *सरकतेय* ते दाखवतो, तोंड कुठे आहे ते नाही. भरतीच्या ओढीने होडी तिरकी चालली असेल तर दोन्हीत पाच-दहा अंशांचा फरक होकायंत्र निर्दोष असतानाही येतो. तेव्हा जीपीएसशी तुलना हा पुरावा धरू नका. सुकाणू धरून ठेवा, कोणाला तरी लाईटचं बटण चालू-बंद करायला सांगा आणि सुई बघा. उडी मारली तर वायर, नाहीतर नाही.

---

वायरमन_रत्नागिरी | ५ जुलै, संध्या. ७.२०

सगळं वाचलं. सूत्रं मला कळत नाहीत, पण वीस वर्षं बोटींचं वायरिंग करतोय, एक विचारतो. गुंडाळी दोन कोअरच्या केबलची आहे की सुट्या वायरची?

दोन कोअरची असेल तर वरचं सगळं गणित फुकट. लाल वायरीतून ८ जातो, शेजारच्या काळीतून ८ परत येतो. सहा नाही, साठ वेढे मारा, होकायंत्र हलणार नाही. मी कित्येक होड्यांवर होकायंत्राच्या खाली केबलचे गुंडाळे कोंबलेले बघितलेत, काही होत नाही.

---

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर | ५ जुलै, संध्या. ७.४१

लाख रुपयांचा प्रश्न. हर्णैकर?

---

हर्णैकर | ६ जुलै, सकाळी ८.१५

आत्ता ताडपत्री वर करून, टॉर्च घेऊन बघून आलो. सुटी वायर! गुंडाळी नुसती लालची. बॅटरीच्या स्विचपासून लाल डावीकडून केबिनमधून वर जाते, काळी डोलकाठीवरून मागच्या बाजूने थेट इंजिनाच्या खोलीत उतरते. ज्याने काम केलं त्याच्याकडे म्हणे लाल वायरचं अख्खं बंडल उरलं होतं.

---

वायरमन_रत्नागिरी | ६ जुलै, सकाळी ८.३०

मग झालं निदान. बंडल संपवायचं म्हणून कापलं नाही, गुंडाळून ठेवलं.

---

किनाऱ्यावरचा_कावळा | ६ जुलै, सकाळी १०.००

आणि इथे नुसती गुंडाळीच दोषी नाही. जाणारी वायर एकीकडून आणि येणारी दुसरीकडून असली की दोन्ही मिळून होडीभर पसरलेला एक मोठा वेढा होतो. सरळ एकट्या वायरचं क्षेत्र काढा: ०.२ × प्रवाह ÷ अंतर मीटरमध्ये. ८ अँपिअर, २० सेमीवर ८ मायक्रोटेस्ला. म्हणजे गुंडाळी काढली आणि तीच लाल वायर होकायंत्राखालून वीतभरावरून नेली, तर आगीतून फुफाट्यात.

यावरून अलिबागची गोष्ट आठवली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी ठेवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं आणि तिथल्या संचालकांनी, नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी, चुंबकीय उपकरणं अलिबागला हलवायची व्यवस्था केली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत. ट्राम आल्या १९०७ साली. ट्रामला प्रवाह वरच्या तारेतून मिळतो आणि रुळांतून परत जातो, थोडा जमिनीतही झिरपतो. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी, म्हणजे रस्त्याएवढा लांब वेढा. अलिबागची इमारत बांधताना दगडसुद्धा चुंबकीय नसलेला शोधून आणला. आपला काळा कातळ घेऊन भागलं नसतं, त्यात मॅग्नेटाइट असतं.

तात्पर्य, तुझ्या काकांच्या केबिनमध्ये एक छोटी ट्राम धावतेय.

---

एंट्रन्सवाला | ६ जुलै, सकाळी ११.४०

काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं तर मग काका बरोबरच ना? तळाला तोच कातळ.

---

किनाऱ्यावरचा_कावळा | ६ जुलै, दुपारी १२.०५

असतं. म्हणूनच रत्नागिरीच्या मिऱ्या, काळबादेवीच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवला की तो केसाळ होऊन वर येतो. पण वेधशाळेत लाखातला एक भाग मोजतात, तिथे दगड खुपतो. होडीवर आपण अंश मोजतोय, खडक पाण्याखाली पंधरा-वीस वाव. आणि परत तेच, खडकाला लाईटचं बटण नसतं.

---

हर्णैकर | १२ जुलै, रात्री ८.५०

होडी पाण्यात नाही म्हणून घरीच करून पाहिलं. होकायंत्र काढून ओटीवर आणलं, लोखंडी पलंग आणि कोयते-विळे सगळं लांब नेलं. तीच लाल वायर, तेच सहा वेढे पुठ्ठ्याला सुतळीने बांधले. १२ व्होल्टची बॅटरी, जीपच्या हेडलाईटचे दोन बल्ब समांतर जोडून. मल्टिमीटरवर ८.८ अँपिअर. गुंडाळीचा अक्ष पूर्व-पश्चिम.

४० सेमीवर सुई ९ आणि १० च्या मध्ये. गणिताने साडेनऊ येतात.
२० सेमीवर गणित सांगतं ४४, दिसले ४२.
८० सेमीवर अंशभर, तोही आजी म्हणाली हलली म्हणून.

मग गुंडाळी उलटी करून लावली, सुई तेवढीच दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताची बोटं प्रवाहाच्या दिशेने वळवली की अंगठा क्षेत्राची दिशा दाखवतो, तेही पडताळलं. शेवटी लाल आणि काळी एकत्र पिळून त्याच दोन वायरींचे सहा वेढे केले. बल्ब लखलखीत, सुई ढिम्म.

काका हे सगळं झोपाळ्यावरून बघत होते. पिळलेल्या वायरीवर म्हणाले, "म्हणजे जाता-येता भांडण मिटलं."

---

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर | १२ जुलै, रात्री ९.१५

उत्तम. २० सेमीला कमी का आले याचं कारण: त्या अंतरावर क्षेत्र जागोजागी झपाट्याने बदलतं आणि सुईला स्वतःची लांबी आहे, तिची दोन टोकं दोन वेगळी क्षेत्रं बघतात. टॅन्जन्ट गॅल्व्हनोमीटरमध्ये (गुंडाळी आणि सुईने प्रवाह मोजायच्या उपकरणात) सुई एवढीशी असते आणि ती गुंडाळीच्या केंद्रात ठेवतात, ते याचसाठी. शिवाय अंतर एक सेमी चुकलं तरी तिथे तीन-चार अंशांचा फरक पडतो.

एक करून बघण्यासारखं राहिलं. होकायंत्र अक्षावर न ठेवता गुंडाळीच्या प्रतलात, कडेला, केंद्रापासून ४० सेमीवर ठेवा. निम्म्याहून जरा जास्त क्षेत्र मिळेल आणि दिशा उलट.

---

खाडीपल्याड | १३ जुलै, सकाळी ७.०५

९ अंश म्हणजे समुद्रात किती, तेही लिहून ठेवतो. दहा सागरी मैल चाललात तर दीड मैल बाजूला. रात्री बंदराच्या तोंडाशी, सुवर्णदुर्गाच्या आसपासच्या खडकांजवळ दीड मैल ही थट्टा नाही.

---

हर्णैकर | २३ ऑगस्ट, संध्या. ६.३०

होडी पाण्यात. लाल गुंडाळी कापून टाकली, लाल-काळी एकत्र पिळून डोलकाठीवर नेली. काल रात्री खाडीपल्याडदादांची चाचणी केली: तोंड उत्तरेला, लाईट चालू-बंद. सुई हलत नाही.

मात्र लाईट बंद असतानाही दोनेक अंशांचा फरक राहतोच.

---

खाडीपल्याड | २३ ऑगस्ट, संध्या. ७.१०

तो इंजिनाच्या लोखंडाचा. आठ दिशांना तोंड करून फरक लिहा, तक्ता केबिनमध्ये चिकटवा. वॉकीटॉकीचा स्पीकर होकायंत्राशेजारी टांगत असाल तर आधी तो हलवा, त्यात कायमचा चुंबक असतो.

---

वायरमन_रत्नागिरी | २४ ऑगस्ट, सकाळी ९.४५

आता माझा प्रश्न. एका गिऱ्हाइकाला जाळं ओढायचा विजेवरचा विंच हवाय, २४ व्होल्ट, ६० अँपिअर. वायर केबिनखालून जाणार, होकायंत्रापासून ४० सेमी. चालेल का?

---

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर | २४ ऑगस्ट, सकाळी १०.२०

एकटी वायर नेलीत तर ०.२ × ६० ÷ ०.४ = ३० मायक्रोटेस्ला. क्षेत्र काटकोनात आलं तर कोन ३७ ते ३८ अंश, वाईटात वाईट दिशेला पन्नासेक. अजिबात नको.

जाणारी-येणारी शेजारी शेजारी, मध्यांत अंतर १ सेमी, न पिळता: वरचं उत्तर गुणिले (दोन वायरींतलं अंतर ÷ होकायंत्राचं अंतर), म्हणजे ३० × ०.०१ ÷ ०.४ = ०.७५. अंशभराच्या वर थोडं. पिळलीत तर त्याहूनही खूपच कमी. पण विंचच्या मोटरचं काय? तिच्या आत लोखंडावर गुंडाळ्याच आहेत, तिचं अंतर सांगा.

---

वायरमन_रत्नागिरी | २४ ऑगस्ट, सकाळी १०.२६

मोटर पुढे नाळेजवळ, साडेतीन मीटर. वायर पिळूनच टाकतो. जाड आहे, हाताने पिळत नाही, ड्रिलला लावून पिळेन.